बत्तीस बिटांची सफाई

२००७ साली आलेलं सेंटओएस ५ हे लिनक्स एखाद्या ६४-बिट मशीनवर नेहमीच्या पद्धतीने चढवलं, की त्यावर कित्येक लायब्रऱ्या दोन-दोनदा बसत. एक ६४-बिट प्रोग्रॅमसाठी, दुसरी ३२-बिट प्रोग्रॅमसाठी. नाव तेच, आवृत्ती तीच, फक्त आर्किटेक्चर वेगळं: एकीपुढे एक्स८६-६४, दुसरीपुढे आय३८६. मी तेव्हा पुण्यात चिप डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात सिस्टीम ॲडमिन होतो. शंभरेक मशीन्स माझ्या ताब्यात होती आणि ती सगळी किकस्टार्टने चढवली जात. म्हणजे मशीन नेटवर्कवरून सुरू व्हायचं, सर्व्हरवरची एक मजकुराची फाइल वाचायचं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे स्वतःच इन्स्टॉल व्हायचं. ती दुहेरी यादी माझ्या डोळ्यांत खुपायची. पुढची काही वर्षं मी या ३२-बिट पॅकेजेसच्या बाबतीत ज्या चुका केल्या त्या इथे लिहितो आहे. माझ्यानंतर त्या जागी आलेल्या माणसानेही त्यांतल्या काही केल्या, आणि मी पूर्ण नोंद त्याच्या हाती दिली नव्हती म्हणून केल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

ते दुहेरीपण कुणाच्या गबाळेपणातून आलेलं नव्हतं. इंटेल आणि एचपी यांचा इटेनियम २००१ मध्ये आला तेव्हा जुने ३२-बिट प्रोग्रॅम त्यावर चालत, पण रडतखडत. एएमडीने वेगळा रस्ता धरला. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या ऑप्टेरॉनने जुना सूचनासंच तसाच ठेवून त्यावर ६४-बिटची भर घातली, त्यामुळे जुना प्रोग्रॅम त्यावर पूर्ण वेगाने चाले. २००४ मध्ये इंटेलनेही झिऑनमध्ये तेच केलं. प्रोसेसर दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम चालवतो म्हटल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमला दोन्ही प्रकारच्या लायब्रऱ्या बाळगणं आलं. रेड हॅटने ३२-बिट लायब्रऱ्या होत्या तिथेच, 'लिब' डिरेक्टरीत, ठेवल्या आणि नव्यांसाठी 'लिब६४' काढली. याला कारण होतं. लायब्रऱ्यांवर विसंबणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात, त्या जोडून देणाऱ्या लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये तो 'लिब'मधलाच होता. जागा बदलली असती तर आधी विकले गेलेले प्रोग्रॅम सुरूच झाले नसते. डेबियनने पुढे निराळी मांडणी केली: प्रत्येक आर्किटेक्चरच्या नावाची स्वतंत्र डिरेक्टरी. ही मल्टिआर्च पद्धत २०१३ च्या 'व्हीझी' आवृत्तीपासून लोकांच्या हातात आली. मला ती अधिक स्वच्छ वाटते. पण आमची टूल्स विकणाऱ्यांचा भर रेड हॅटवर होता, म्हणून आमच्याकडे रेड हॅटच्याच सोर्सवरून बांधलेलं सेंटओएस.

रेड हॅटची पॅकेजेस बसवणाऱ्या आरपीएममध्ये एकाच नावाची दोन पॅकेजेस शेजारी नांदू शकतात, पण त्याला एक अट आहे. दोन्हींत एकाच ठिकाणी बसणारा चालवायचा प्रोग्रॅम असेल तर आरपीएम ६४-बिटवाला ठेवतं आणि पुढे जातं. मॅन पेजेस आणि दस्तऐवजांसारख्या बाकीच्या सामायिक फाइली मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारख्या लागतात. म्हणजे व्यवहारात दोन्ही पॅकेजेस एकाच आवृत्तीची हवीत आणि बरोबरीने अपडेट व्हायला हवीत. मला हे ठाऊक नव्हतं आणि पहिली चूक इथेच झाली.

ऑफिसात सेंटओएसचा एक लोकल मिरर होता. रोज रात्री बाहेरच्या मिररवरून नवी पॅकेजेस उतरायची आणि सगळी मशीन्स तिथून अपडेट व्हायची. डिस्क भरत आली तेव्हा मी यादी चाळली. ६४-बिटच्याच डिरेक्टरीत आय३८६ पॅकेजेसचा मोठा भरणा दिसला. '६४-बिट मशीनला हे कशाला?' असं म्हणून मी ती उतरवण्यातून वगळली. इन्स्टॉलेशन मात्र डीव्हीडीवरून कॉपी केलेल्या मूळ पॅकेजेसमधून होत होतं, त्यात दोन्ही प्रकार होते. परिणाम असा झाला, की नवं मशीन दोन्ही लायब्रऱ्या घेऊन जन्माला यायचं आणि पहिल्याच अपडेटला त्यांतली फक्त एक पुढे सरकू पाहायची. नव्या ६४-बिट पॅकेजमधलं मॅन पेज आणि जुन्या ३२-बिट पॅकेजमधलं मॅन पेज जुळायचं नाही. अपडेट्स करणारं यम फाइलींच्या संघर्षाची तक्रार करून अख्खा व्यवहार सोडून द्यायचं. एका मॅन पेजपायी त्या रात्रीची सगळी अपडेट्स अडायची.

या टप्प्यावर मी कारण शोधायला हवं होतं. त्याऐवजी मी अडणाऱ्या पॅकेजेसची नावं अपडेटमधून वगळण्याच्या यादीत टाकली. बाकीची अपडेट्स सुरळीत जाऊ लागली, रात्रीच्या मेलमधली तक्रार थांबली आणि मला वाटलं काम झालं. वगळलेल्यांत कर्बेरॉसच्या लायब्रऱ्या होत्या, छपाईच्या लायब्रऱ्या होत्या. त्यांची सुरक्षेची दुरुस्ती-अपडेट्स कित्येक महिने आमच्या मशीन्सवर पोचलीच नाहीत. कुणी त्याचा गैरफायदा घेतला नाही. पण घेतला असता तर दार मी उघडं ठेवलं होतं. लिनक्स सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांत मी हिला सगळ्यांत वरचं स्थान देतो. मशीन बंद पडलं तर निदान कळतं. हे कुणालाही कळलं नसतं.

पुढे एका ऑडिटच्या निमित्ताने वगळलेल्या पॅकेजेसची यादी पुन्हा माझ्यासमोर आली. तेव्हा कारण उलगडलं, पण मी त्याचा अर्थ उलटा लावला. मिररमध्ये ३२-बिट परत आणण्याऐवजी मशीनवरूनच ३२-बिट काढून टाकायचं ठरवलं.

सेंटओएस ५ मध्ये बसवलेल्या पॅकेजेसची यादी मागितली की आरपीएम नाव आणि आवृत्ती दाखवायचं, आर्किटेक्चर दाखवायचं नाही. त्यामुळे यादीत एकच ओळ लागोपाठ दोनदा दिसायची. एका वर्गात दोन संदीप पाटील असावेत आणि हजेरीपटावर वडिलांचं नाव नसावं, तसं ते होतं. यादीची मांडणी बदलून आर्किटेक्चर मागवता येतं, आणि ते करायलाच हवं होतं. मी फक्त दोनदा आलेली नावं गोळा केली आणि ती काढायला सांगितली. आरपीएमने बरोबर अडवलं: या नावाची एकापेक्षा जास्त पॅकेजेस आहेत, कोणतं काढू? मी 'जुळणारी सगळी' हा पर्याय दिला. मग अवलंबित्वाच्या तक्रारी आल्या, तर ती तपासणीही बंद केली. त्या यादीत 'पॅम' होतं. पॅम म्हणजे लॉगिन करणाऱ्या माणसाची ओळख पटवणारी यंत्रणा. ३२-बिट पॅम गेलं आणि त्याच्याबरोबर ६४-बिट पॅमही गेलं. त्या मशीनवर मग कुणालाच, अगदी रूटलाही, नव्याने शिरता येईना.

ते चाचणीचं मशीन होतं. मी ते किकस्टार्टने पुन्हा चढवलं आणि जेवायला गेलो. नुकसान काहीच झालं नाही आणि म्हणूनच मी त्यातून जे शिकायचं ते शिकलो नाही. मला वाटलं, चूक काढण्याच्या पद्धतीत होती. म्हणून पद्धत सुधारली. आता किकस्टार्ट फाइलच्या शेवटच्या भागात, म्हणजे इन्स्टॉलेशन संपल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, यमला सांगितलं की आर्किटेक्चर आय३८६, आय५८६ किंवा आय६८६ असेल ते सगळं काढ. आय६८६ यासाठी, की सेंटओएस ५ मध्ये ३२-बिट ग्लिबसी आणि ओपनएसएसएल ही दोन पॅकेजेस आय६८६ नावाने यायची आणि बाकी जवळजवळ सगळी आय३८६ नावाने. नुसतं आय३८६ काढणारे पुष्कळ जण इथे फसत. मी फसलो नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. यमच्या कॉन्फिगरेशनमध्येही हेच वगळण्याची ओळ घातली, म्हणजे पुन्हा ३२-बिट चुकूनही शिरणार नाही. मशीन्स स्वच्छ झाली. इन्स्टॉलेशनला कमी वेळ लागू लागला, अपडेट्स बिनतक्रार जाऊ लागली. साहेबांना दाखवायला माझ्याकडे एक छान आलेख होता.

हे करण्याआधी मी कुणालाही विचारलं नव्हतं, की तुमच्यापैकी कोण ३२-बिट प्रोग्रॅम वापरतं.

आमच्याकडे एक ज्येष्ठ डिझायनर मॅडम होत्या. एका जुन्या चिपची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या चिपची तपासणी ज्या टूलवर व्हायची त्याची ६४-बिट आवृत्ती विकणाऱ्याने कधी काढलीच नव्हती, आणि मधेच टूल बदललं तर आधीच्या निकालांशी तुलना करता आली नसती. त्यांचं मशीन नव्याने चढवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, टूल सुरू होत नाही. कमांड नॉट फाउंड म्हणतंय."

"मॅडम, पाथ गेला असेल. तुमची सेटअप फाइल परत चालवून बघा," मी जागेवरून न उठता सांगितलं.

"पाथ नाही रे, मी त्या डिरेक्टरीत उभी राहून चालवते आहे. फाइल माझ्यासमोर दिसते आहे. तू वर ये आणि बघ."

मी वर गेलो नाही. सेटअप बघा, असंच पुन्हा सांगितलं. दुपारनंतर गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या तसंच होतं. यादी मागितली की फाइल दिसत होती, चालवण्याची परवानगी होती, आणि चालवली की सी शेल म्हणत होता, कमांड नॉट फाउंड. चिप डिझाइनवाले सी शेल वापरतात, हा त्या क्षेत्रातला जुना रिवाज. त्या शेलचा संदेश इथे माणसाला चकवतो. खरी गोष्ट अशी: कर्नल प्रोग्रॅमची फाइल उघडतो, तिच्या पोटातला ३२-बिट लोडरचा पत्ता वाचतो आणि तो लोडर शोधायला जातो. लोडर ग्लिबसीच्या ३२-बिट पॅकेजमध्ये असतो आणि ते पॅकेज मी काढून टाकलेलं. कर्नल सांगतो, 'अशी फाइल नाही'. त्याला लोडरची फाइल म्हणायची असते. शेलला वाटतं, प्रोग्रॅमचीच फाइल नाही.

माझा पुढचा कयास तर आणखी चुकीचा होता. मी त्या प्रोग्रॅमला कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते एलडीडीने विचारलं. ते म्हणालं, हा लायब्रऱ्या जोडून घेणारा प्रोग्रॅमच नाही. ३२-बिट लोडर मशीनवर नसला की एलडीडी ३२-बिट प्रोग्रॅमबद्दल हेच उत्तर देतं, हे मला माहीत नव्हतं. मी निष्कर्ष काढला, फाइल खराब झाली आहे, आणि मॅडमना टूल पुन्हा इन्स्टॉल करायला लावलं. 'फाइल' ही साधी कमांड त्या प्रोग्रॅमवर चालवली असती तर ती क्षणात म्हणाली असती: ईएलएफ ३२-बिट, इंटेल ८०३८६. आजही नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच शिकवतो. प्रोग्रॅम सुरू होत नाही अशी तक्रार आली, तर आधी त्याला विचार तू किती बिटांचा. आणि ज्याची तक्रार आहे त्याच्या शेजारी जाऊन बस. त्या दिवशी मॅडम बरोबर होत्या, त्यांनी पहिल्या वाक्यातच सगळं सांगितलं होतं, आणि मी त्यांच्या कामाचा अख्खा दिवस घालवला.

कारण कळल्यावर मी ग्लिबसीचं ३२-बिट पॅकेज परत घातलं. आता एलडीडी नीट बोलू लागलं. कोणत्या लायब्रऱ्या सापडत नाहीत ते त्याने ओळीने सांगितलं: एक्स११ च्या काही, सी प्लस प्लसची जुनी सुसंगततेची एक. त्या तेवढ्या मी किकस्टार्ट फाइलमध्ये आर्किटेक्चरसकट लिहिल्या. टूल सुरू झालं, खिडकी उघडली. मी निःश्वास टाकला.

मग लायसन्सची तक्रार सुरू झाली. टूल काही मशीन्सवर चालायचं, काहींवर लायसन्स नाकारायचं. मॅडमचं नाव लायसन्सच्या परवानगी-यादीत होतं. ज्या मशीनवर नाकारलं जायचं त्याच मशीनवर ओळख विचारणारी कमांड त्यांचं नाव, गट सगळं बरोबर दाखवायची. सगळ्या मशीन्सवर त्याच लायब्रऱ्या, तीच आवृत्ती. मी टूल विकणाऱ्यांना तावातावाने पत्र लिहिलं, की तुमचा लायसन्स सर्व्हर बेभरवशाचा आहे. त्यांच्या माणसाने शांतपणे लॉग तपासून कळवलं, की नाकारल्या गेलेल्या विनंत्यांमध्ये वापरणाऱ्याचं नावच येत नाही.

एस-ट्रेसने टूलच्या प्रत्येक सिस्टीम कॉलची नोंद काढली तेव्हा उत्तर मिळालं. वापरणाऱ्याचं नाव हवं असलं की टूल आधी 'एनएससीडी'च्या सॉकेटला जोडणी मागत होतं. ती मिळाली नाही. मग त्याने 'एनएसस्विच'ची फाइल वाचली. तिथे लिहिलं होतं, लोकांची नावं आधी स्थानिक फाइलींत बघ, नंतर एलडॅपमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक नोंदवहीत. म्हणून ते एलडॅपशी बोलणारी लायब्ररी 'लिब'मध्ये शोधू लागलं. 'लिब'मध्ये ती नव्हती. 'लिब६४'मध्ये होती, पण ३२-बिट प्रोग्रॅमला तिचा उपयोग शून्य. टूलने शोध सोडून दिला आणि बिननावाच्या माणसासाठी लायसन्स मागितलं. ओळख विचारणारी कमांड ६४-बिट होती, म्हणून तिला सगळं ठीक दिसत होतं.

एलडीडीच्या यादीत ही लायब्ररी आली नव्हती, येणारही नव्हती. प्रोग्रॅम सुरू होताना लागणाऱ्या लायब्रऱ्या एलडीडी सांगतं. नावं शोधण्याच्या, पासवर्ड तपासण्याच्या लायब्रऱ्या प्रोग्रॅम चालू असताना, गरज पडेल तेव्हा उघडल्या जातात. एलडीडीची यादी म्हणजे संपूर्ण यादी असं धरून मी चाललो होतो. आणि काही मशीन्सवर टूल चालत होतं ते एनएससीडीमुळे. एनएससीडी ही नावांची उत्तरं साठवून ठेवणारी सेवा. ती चालू असेल तर ३२-बिट प्रोग्रॅम तिलाच विचारतो, ती स्वतः ६४-बिट असल्याने एलडॅपला विचारून उत्तर देते आणि ३२-बिट लायब्ररी नसल्याचं कधी उघडकीलाच येत नाही. किकस्टार्टच्या जुन्या फाइलमध्ये ओळख-पडताळणीच्या ओळीत ही साठवण चालू करण्याचा पर्याय होता. नवी फाइल लिहिताना मी तो अनावश्यक समजून गाळला होता. जुन्या फाइलने चढवलेली मशीन्स म्हणून चालत होती, नव्या फाइलची अडत होती. दोन निरनिराळ्या दिवशी, दोन निरनिराळ्या कारणांनी मी दोन गोष्टी 'नको' म्हणून काढल्या होत्या आणि त्या एकमेकींना झाकत होत्या.

विकणाऱ्यांच्या त्या माणसाला मी माफीचं पत्र पाठवलं. मॅडमना प्रत्यक्ष जाऊन सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी विचार रे." मी मान डोलावली. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं नाही.

पुढची वेळ सेंटओएस ६ ची होती. मूळ रेड हॅट ६ नोव्हेंबर २०१० मध्ये आलं, आम्ही बऱ्याच उशिराने त्यावर गेलो. या आवृत्तीत दोन गोष्टी बदलल्या होत्या. यमचं धोरण बदललं होतं: सेंटओएस ५ मध्ये पॅकेजचं नुसतं नाव दिलं की दोन्ही आर्किटेक्चर्स यायची, आता फक्त मशीनला सर्वांत योग्य ते एकच यायचं. मला हवं होतं तेच. आणि ३२-बिट पॅकेजेसच्या नावामागचं आय३८६ जाऊन सगळीकडे आय६८६ आलं होतं. माझ्या किकस्टार्ट फाइलमधली ३२-बिटची यादी, जी मी इतक्या त्रासाने जमवली होती, ती ग्लिबसी सोडली तर सगळी आय३८६ नावांची होती.

इन्स्टॉलरला यादीतलं एखादं पॅकेज सापडलं नाही तर तो थांबतो आणि विचारतो: हे पॅकेज नाही, पुढे जाऊ का सोडू? रात्री लावलेलं मशीन सकाळी त्या प्रश्नावर थांबलेलं पाहून मी पूर्वी कधीतरी वैतागलो होतो आणि 'न सापडणाऱ्यांकडे दुर्लक्ष कर' असा पर्याय पॅकेजेसच्या ओळीत घातला होता. तो तसाच राहिला. सेंटओएस ६ च्या इन्स्टॉलरने माझी जवळजवळ अख्खी ३२-बिट यादी न सापडलेली म्हणून सोडून दिली आणि इन्स्टॉलेशन यशस्वी झाल्याचं कळवलं. एलडॅपची जुनी लायब्ररीही या आवृत्तीत गेली होती. तिच्या जागी आम्ही एसएसएसडी वापरायला घेतलं, आणि त्याच्या क्लायंटचं ३२-बिट पॅकेज वेगळं मागावं लागतं हे माझ्या यादीत कुठून असणार? मॅडमचा फोन आला तेव्हा मात्र मी लगेच वर गेलो.

याच काळात यम 'प्रोटेक्टेड मल्टिलिब व्हर्जन्स' असा एक दोष दाखवू लागलं. एखाद्या लायब्ररीची ३२-बिट आणि ६४-बिट आवृत्ती वेगवेगळी होणार असेल तर ते व्यवहारच होऊ देत नाही. बरीच मंडळी हा अडथळा समजतात. तो बंद करण्याचा पर्याय आहे आणि घाईच्या एका दुपारी मी तो वापरलाही. मिररमधून आय३८६ वगळण्याची जी चूक मी सुरुवातीला केली होती, नेमकी तीच पकडण्यासाठी ही तपासणी आहे. तुम्हाला ती दिसली तर मिररकडे बघा. दोन्ही आर्किटेक्चर्सची अपडेट्स तिथे बरोबरीने आली आहेत का ते पाहा. तपासणी बंद करू नका.

३२-बिट सरसकट काढण्याची चूक मोठ्या लोकांच्याही वाट्याला आली आहे. जून २०१९ मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने जाहीर केलं, की उबुंटू १९.१० पासून ३२-बिट आय३८६ पॅकेजेस बंद. खेळ विकणारं स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनचे डेव्हलपर यांनी लगेच हरकत घेतली, कारण पुष्कळ जुने खेळ आणि विंडोजचे जुने प्रोग्रॅम ३२-बिटच आहेत. काही दिवसांतच कॅनॉनिकलने निवडक ३२-बिट लायब्रऱ्या ठेवण्याचं मान्य केलं. ती बातमी वाचताना मला कुणाचीच चूक काढावीशी वाटली नाही. पॅकेजेसच्या यादीकडे बघून त्यामागची माणसं दिसत नाहीत, एवढंच पुन्हा जाणवलं.

सेंटओएस ६ च्या फजितीनंतर मी शेवटी जे करायला हवं होतं ते केलं. टूल्स ज्या सामायिक डिस्कवर होती ती सगळी चाळणारी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक चालवण्याजोग्या फाइलवर 'फाइल' कमांड, आणि त्यांतून ३२-बिट तेवढ्या बाजूला. विकत घेतलेली टूल्स निघाली ती अपेक्षितच होती. पण आमच्याच ऑफिसात कुणीतरी कधीकाळी लिहिलेल्या लहान-लहान प्रोग्रॅमांचा एक ढीग निघाला. लिहिणारे सोडून गेलेले, सोर्स सापडत नाही, आणि रोजच्या कामातल्या स्क्रिप्ट्स त्यांना हाक मारतात. कोण काय वापरतं हे कळावं म्हणून काही काळ प्रोसेस अकाउंटिंग चालू ठेवलं. त्यातून बरंच समजलं, पण सगळं नाही. एक ३२-बिट टूल फक्त टेपआउटच्या वेळी, म्हणजे डिझाइन कारखान्यात पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात वापरलं जायचं. माझ्या नोंदींत ते एकदाही आलं नव्हतं. ते कळलं ते एका डिझायनरच्या टेबलाशी चहा पिताना. टेपआउटच्या आठवड्यात ते बंद पडलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना चिप डिझाइनमध्ये काम केलेल्यांना येईल.

त्यानंतरची किकस्टार्ट फाइल मी वेगळ्या रीतीने लिहिली. काय नको याची यादी काढून टाकली आणि काय हवं याची ठेवली. प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे आर्किटेक्चर स्पष्ट, आणि प्रत्येक ३२-बिट ओळीच्या वर शेरा: कोणत्या टूलसाठी, कोणत्या विभागासाठी, कुणाला विचारून. 'दुर्लक्ष कर'चा पर्याय काढला. यादीतलं पॅकेज सापडलं नाही तर इन्स्टॉलर थांबू दे, सकाळी मी बघेन. मिररमध्ये दोन्ही आर्किटेक्चर्स परत आणली. डिस्क वाढवून घेतली, आणि तिचा खर्च एका टेपआउटच्या लांबणीपुढे काहीच नव्हता.

शेवटी एक चाचणी जोडली. सीमधला दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम, मुद्दाम ३२-बिटमध्ये बांधलेला. तो एलडॅपमधल्या एका ठराविक खात्याचं नाव विचारतो आणि उत्तर आलं की नाही ते सांगतो. नवं मशीन पहिल्यांदा सुरू होताना, एनएससीडी बंद ठेवून, हा चालवला जातो. त्यातून लोडर आहे का, ग्लिबसी आहे का, नावं शोधणारी लायब्ररी ३२-बिटमध्ये आहे का, तिन्ही एका दमात कळतं. उत्तर आलं नाही तर मशीन कुणाच्या हाती द्यायचं नाही. ६४-बिट कमांडने ही चाचणी होऊ शकत नाही, म्हणून बांधलेला प्रोग्रॅम सर्व्हरवर जपून ठेवला आहे आणि तो कसा बांधायचा तेही शेजारी लिहिलं आहे. माझ्यानंतर आलेल्या माणसाच्या हाती फाइल आणि चाचणी आली, पण शेऱ्यांमागची पूर्ण नोंद मी नोकरी सोडून गेल्यावर, त्याचा फोन आल्यानंतर दिली. ती आधी द्यायला हवी होती.

सेंटओएस ५ ची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली, ६ ची ३० नोव्हेंबर २०२० ला, ७ ची ३० जून २०२४ ला. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० मध्ये ३२-बिट पॅकेजेस दिलेलीच नाहीत. म्हणजे या घराण्यात ३२-बिट प्रोग्रॅम थेट चालवायची सोय आता रेड हॅट ८ आणि ९ पुरतीच उरली आहे, आणि ९ चा नेहमीचा आधार मे २०३२ पर्यंत आहे. तुमच्या ऑफिसात, प्रयोगशाळेत, कारखान्यात कुणी अजून असा प्रोग्रॅम वापरत असेल, तर कृपया याच वर्षी त्याच्या टेबलापाशी जा, त्याच्याकडून कामाची माहिती घ्या आणि ती तुमच्या इन्स्टॉलेशन फाइलमध्ये त्या पॅकेजच्या ओळीवर लिहून ठेवा.